बाहेरच्या लेनमधून

वसईत मी मुलामुलींना चारशे मीटर धावायला शिकवते. त्याआधी बरीच वर्षं मी स्वतः हीच शर्यत धावले. रविवारची मिस्सा चुकवायची नाही अशा घरात वाढले, त्यामुळे दोन प्रश्न माझी पाठ सोडत नाहीत. चर्चमधल्या बायका विचारतात, "रविवारी स्पर्धा असली की मिस्सेचं काय करतेस?" मैदानावरचे सहकारी विचारतात, "तुझ्या मुली ब्लॉकवर जाण्याआधी क्रूसाची खूण करतात, त्यानं टायमिंग सुधारतं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही सुधारत. प्रार्थनेनं सेकंदाचा शंभरावा हिस्साही कमी होत नाही. होत असता, तर मी ती मैदानावर बंद केली असती. बाकीच्या सात जणींवर तो अन्याय झाला असता.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं. ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक धावणाऱ्या मुलाला कुणी ना कुणी एरिक लिडलची गोष्ट सांगितलेली असते. स्कॉटलंडच्या मिशनरी आईबापांचा, 1902 साली चीनमधल्या तिएनत्सिनला जन्मलेला हा मुलगा. 1924च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर ही त्याची शर्यत, पण तिच्या हीट्स 6 जुलैला, रविवारी आल्या. त्यानं नाव काढून घेतलं. दोन्ही रिलेही रविवारमुळेच सोडल्या. मग चारशे मीटरमध्ये उतरून सुवर्णपदक मिळवलं. 1981 साली त्यावर 'चॅरियट्स ऑफ फायर' हा चित्रपट आला, त्याला ऑस्कर मिळालं आणि गोष्ट जगभर गेली.

चित्रपटात लिडलला हे वेळापत्रक बोटीवर चढताना कळतं. प्रत्यक्षात ते त्याला कित्येक महिने आधी माहीत होतं. प्रशिक्षक म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो. निर्णय आधी झाला आणि मग टॉम मॅककर्चर या त्याच्या प्रशिक्षकाबरोबर नव्या अंतरासाठी सराव झाला. शंभर मीटरवाल्याला चारशेवर आणणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळतं. वेग त्याच्याकडे असतोच. शिकवायचं असतं ते तिसऱ्या शंभरानंतर मांड्या भरून येतात, हात आखडतात, मान ताठते, तेव्हा पाऊल लहान होऊ न देणं. हे एका रात्रीच्या धैर्यानं येत नाही. त्यासाठी आठवड्यामागून आठवडे तीनशे-तीनशे मीटरचे फेरे मारावे लागतात आणि त्यानंतर मैदानाच्या कडेला जाऊन उलट्याही कराव्या लागतात. लिडलची श्रद्धा मला त्या नकारापेक्षा या फेऱ्यांमध्ये जास्त दिसते.

11 जुलैला दुपारी उपांत्य फेरी आणि त्याच दिवशी अंतिम. त्याला सगळ्यात बाहेरची लेन मिळाली. बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला स्टॅगरमुळे पुढे कुणीच दिसत नाही. सगळे प्रतिस्पर्धी पाठीमागे, कोण किती जवळ आलंय याचा अंदाज नाही. अशा वेळी बहुतेक जण सावध धावतात. लिडलनं पहिले दोनशे मीटर 22.2 सेकंदांत काढले. आज माझ्या एखाद्या मुलानं त्याच्या दर्जाच्या मानानं एवढी घाई केली, तर मी कडेवरून ओरडेन. पण तो टिकला. डोकं मागे टाकून, हात वेडेवाकडे फिरवत, 47.6 सेकंदांत त्यानं शर्यत जिंकली. ऑलिम्पिक विक्रम झाला.

इथेच प्रवचनकार थांबतात आणि म्हणतात, बघा, देवाचा मान राखला म्हणून देवानं त्याचा मान राखला. मला हे पटत नाही, आणि वर्षागणिक कमीच पटतं. समजा, त्या दिवशी तो सहावा आला असता. मग त्याचा रविवारचा निर्णय चुकीचा ठरला असता का? पदकाच्या जोरावर श्रद्धा सिद्ध करायला गेलं, की हरणाऱ्याच्या श्रद्धेला खोट निघते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण जिल्ह्याच्या पुढे जात नाहीत. त्यांना मी काय सांगू, तुमचा देव कमी पडला?

संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र अशाच घाईनं वापरलं जातं. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत, विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा नाहीतर अजमोद्याच्या जातीच्या पाल्याचा मुकुट मिळे. ते वाचकांच्या ओळखीचं होतं, म्हणून पौल धावण्याचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतो. बक्षीस एकालाच मिळतं, तेव्हा जिंकण्यासाठी धावा, एवढं खेळाडूंना ऐकवलं जातं. पण परिच्छेद तिथे संपत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मध्ये मी तो पुन्हा पुन्हा वाचते. शेवटी पौल स्वतःवर येतो. दुसऱ्यांना उपदेश करून आपणच बाद ठरू नये, म्हणून तो आपल्या शरीराला वळण लावतो. हा भाग धावणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला लागू आहे. शिट्टी माझ्या हातात आहे, वेळ मी मोजते, संघ मी निवडते. बाद होण्याची भीती सगळ्यात जास्त मला हवी.

ही भीती नसलेले प्रशिक्षक मी पाहिले आहेत. वयचोरी हा त्यातला नेहमीचा प्रकार. पालक दुसरा जन्मदाखला घेऊन येतात, दोन वर्षं कमी केलेला, आणि हळूच म्हणतात, "टीचर, सगळेच करतात." मोठ्या स्पर्धांत आता डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय पाहतात, पण शाळा आणि तालुका पातळीवर बरंच खपून जातं. मी दाखला परत करते. त्या मुलीला तिच्या खऱ्या गटात उतरवते आणि बहुतेकदा ती अंतिम फेरीत येत नाही. पालक पुढच्या हंगामात दुसरीकडे जातात. पण सोळा वर्षांच्या मुलीला चौदाची म्हणून उतरवलं, तर पलीकडच्या लेनमधली खरोखर चौदा वर्षांची मुलगी हरते. तिची आईही कुठेतरी मेणबत्ती लावून बसलेली असते.

मेणावरून एक सांगायलाच हवं. आमची एक मुलगी नडगी दुखत असतानाही धावत राहिली. तपासलं तर हाडाला बारीक चीर. तिच्या आईनं बांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेत जाऊन मेणाचा पाय वाहिला. तिथल्या दुकानांत असे हात, पाय, बाळं, घरं ओळीनं मांडलेली असतात. आईला वाटत होतं, नवस फेडला, आता पोरीला धावू द्यावं. मी तिला घेऊन बाकावर बसले. म्हटलं, "नवस केलात ते चांगलं केलंत. आता डॉक्टरनी सांगितलेले सहा आठवडे पूर्ण करू, तोही त्याच नवसाचा भाग समजा." मुलगी रोज मैदानावर यायची, बसून हातांचे व्यायाम करायची, बाकीच्यांच्या वेळा वहीत लिहायची. जखमी खेळाडूला घरी पाठवून विसरून जाणं मला कधीच बरोबर वाटलेलं नाही. वेळ देता येत नाही त्या दिवसांतही ती संघातलीच असते.

सरावानंतर मी मुलांचे पाय तपासते. मागून आणलेल्या, अर्ध्या नंबरानं लहान स्पाइक्समुळे अंगठ्याची नखं काळी पडलेली असतात, टाचेवर फोड फुटून मोजा चिकटलेला असतो, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कोमट पाणी, साबण, कापूस, मलम. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, ते लहानपणापासून पाहत आलेय. त्याचा अर्थ मला वेदीपेक्षा मैदानावर जास्त लवकर कळला. वयानं आणि अधिकारानं मोठ्या माणसानं खाली बसायचं असतं.

माझ्या गटात निम्म्याहून अधिक मुलं हिंदू आहेत, काही मुसलमान, काही पूर्वेकडच्या पाड्यांवरून येणारी वारली. सरावाआधी आम्ही फक्कीनं आखलेल्या रेषेवर मिनिटभर गप्प उभे राहतो. कुणी मातीला हात लावून कपाळाला लावतं, कुणी क्रूसाची खूण करतं, कुणी नुसतं उभं राहतं. मोठ्यानं प्रार्थना मी कधी घेत नाही. संघात राहण्यासाठी मुलं माझ्यावर अवलंबून आहेत. अशा मुलाकडून देवाचं नाव वदवून घेणं म्हणजे जबरदस्तीच. रमजानमध्ये रोजे असलेल्या मुलाचा कठीण सराव मी इफ्तारनंतर घेते. उपवासकाळात आमच्या मुली मांस सोडतात, तेव्हा डाळ-अंडी वाढली का, ते विचारते.

आता रविवार. ब्रिटनचा तिहेरी उडी मारणारा जोनाथन एडवर्ड्स 1991च्या टोकियो विश्व स्पर्धेला रविवारमुळेच गेला नाही. 1993 साली त्यानं मत बदललं, रविवारी उतरू लागला, आणि 1995 साली गोथेनबर्गला 18.29 मीटर उडी मारली. पुढे तो धर्मच सोडून बाहेर पडला, आणि तेही त्यानं उघडपणे सांगितलं. दोघांपैकी कोण खरा, असं विचारणाऱ्यांना मी लिडलच्याच आयुष्यातला पुढचा भाग सांगते. ऑलिम्पिकनंतर तो चीनमध्ये शिक्षक म्हणून गेला. 1943 साली जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. बायको आणि मुली कॅनडात. धाकट्या मुलीला त्यानं कधी पाहिलंच नाही. छावणीत आईबापांपासून तुटलेली शाळकरी मुलं होती. लिडल त्यांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ घेई, पण रविवारी नाही. मग एका रविवारी मुलांनी पंचाशिवाय हॉकी खेळायला घेतली आणि सामना मारामारीवर आला. पुढच्या रविवारी लिडल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. सुवर्णपदकासाठी जो रविवार त्यानं मोडला नाही, तो या मुलांसाठी मोडला. 21 फेब्रुवारी 1945ला, छावणी सुटायच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीनं तो गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता.

आपल्याकडे जिल्ह्याच्या स्पर्धा शनिवार-रविवारीच भरतात, मुंबईची मॅरेथॉनही रविवारीच. कॅथलिक मुलींची सोय होते, शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जाता येतं. माझ्याकडे एक मुलगी शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातली आहे. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत ती धावत नाही. तिला मी सांगितलं, "आयत्या वेळी नाही, हंगामाच्या आधी ठरव, म्हणजे त्याप्रमाणे सराव आखू." तिनं ठरवलं. चारशेच्या हीट्स शनिवारी होत्या, त्या तिनं सोडल्या. रविवारच्या रिलेत मी तिला ठेवलं. दोन पालक भांडायला आले, की स्वतःची शर्यत सोडणारीला संघात जागा कशाला. मी म्हटलं, "तिच्या वेळा सरावात चौघींत बसतात, ही वही बघा. देवासाठी सुट्टी घेतली म्हणून तिची जागा कापली, तर उद्या तुमच्या मुलीला ताप आला तरी मला तेच करावं लागेल." वही त्यांनी खरोखर उघडून पाहिली. तिनं दुसरा टप्पा धावला, बॅटन नीट दिला, आणि आमचा संघ पाचवा आला.