शेवटच्या कडव्यातला वामन

१५ मे २००४ ला महाकवी वामनदादा कर्डक गेले, तेव्हा आम्ही शाळकरी पोरं होतो. कुंभार पिंपळगावात बातमी कशी पोचली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की, रात्री विहारासमोर माणसं जमली आणि कुणीही भाषण केलं नाही. एकानं ढोलकी घेतली आणि वामनदादांची गाणी सुरू झाली. वही कुणाच्याच हातात नव्हती. सहीऐवजी अंगठा देणाऱ्या बायांनाही सगळी कडवी पाठ होती.

तीच गाणी आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर वाजतात. डीजेची वर्गणी आम्हीही गोळा केलेली आहे, त्यामुळे पोरांना नावं ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. पण एका वर्षी एक गोष्ट खटकली. डीजेवर धृपद आणि फार तर एक कडवं वाजतं, की लगेच पुढचं गाणं. वामनदादा आपलं नाव गुंफायचे ते शेवटच्या कडव्यात. कबीरांची, तुकोबांची हीच रीत. म्हणजे शेवटचं कडवं कापलं की माणूसच कापला गेला. यूट्यूबवरही गायकाचं नाव असतं, मिक्स करणाऱ्याचा मोबाईल नंबर असतो. कवीचं नाव शोधावं लागतं.

यावर आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, गाणं लोकांचं झालं, आता नाव कशाला? हे आम्हाला मान्य नाही. आपल्या माणसांची नावं इतरांनी पुसली म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या भांडतोय. मग तेच काम आपल्या हातानं का करायचं? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. मुंबईत गिरणीत राबला, मोठेपणी अक्षरं शिकला आणि १९४३ पासून गाणी लिहीत गावोगाव फिरला. २०१६ ला बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा गाणं हेही साहित्य आहे म्हणून आम्ही लांबलचक पोस्टी लिहिल्या होत्या. (समाजशास्त्राचं एम.ए. झालं की असं होतं.) त्या पोस्टींत वामनदादांचं नाव नव्हतं. ही चूक आमची.

यंदा १५ मे ला विहारात एकच नियम केला: गाणं सुरू केलं तर शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचं. दुसऱ्याच गाण्याला पोरं अडली. मोबाईलवर शोधलं, तिथंही अर्धंच. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका आजीनं कडवं उचललं आणि नावासकट पुरं केलं. २००४ च्या त्या रात्री ती ढोलकीजवळ बसली होती.

एक पोरगा मोबाईल घेऊन तिच्याजवळ गेला. "आज्जे, पुन्हा एकदा म्हण की, रेकॉर्ड करतो."

"आधी त्यो पंखा बंद कर, लई आवाज करतो. मंग म्हणते."