शिवडीची बरणी, लोणारचं पाणी

लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीशी लोणच्याची एक जुनी बरणी आहे. तिच्यात शिवडीच्या किनाऱ्यावरचा काळा चिखल आहे, त्यात कालवलेले वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक, वर चार बोटं खाडीचं पाणी. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाची ही रीत. मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलांसाठी ती भरली. झाकण लावून उजेडात ठेवली आणि दोन-अडीच महिन्यांत तिच्यात थर उमटले. वर हिरवा, खाली तांबूस, मग जांभळट गुलाबी, तळाशी डांबरासारखा काळा. एकही थर आम्ही घातलेला नव्हता. तळातल्या जिवाणूंना प्राणवायू म्हणजे विष. ते कुजलेलं खातात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच वायू मधल्या गुलाबी जिवाणूंच्या कामी येतो, आणि हिरव्यांना नको असलेला, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही त्यांना पुरतो.

बरणी भरली ती लोणारमुळे. जून 2020 मध्ये, टाळेबंदीत, बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर एकाएकी गुलाबी झालं. फोटो बघून मी तेव्हाच ठरवलं होतं की एकदा त्या काठावर उभं राहायचं. जायला मात्र हा मे उजाडला.

मे म्हणजे आमच्या गल्लीत मसाल्याचा हंगाम. डंखांचा आवाज पहाटेपासून, हवेत मिरचीचा ठसका. निघण्याआधी मी मुठीएवढी हळद घेतली, पाण्यात कालवून शाळेच्या वहीच्या पानांना फासली आणि पानं वाळवून पाकिटात भरली. आई म्हणाली, "देवीला वाहायची असेल तर पुडी ने, कागद कशाला?" मी म्हटलं, "आल्यावर सांगते."

रात्री दादरहून देवगिरी एक्सप्रेस, पहाटे जालना. तिथून एसटी. सिंदखेडराजा आलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. जिजाऊंच्या जन्मगावाला खिडकीतूनच नमस्कार केला. पुढे दुसरबीड, बीबी, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. जमीन इतकी सपाट की पुढे प्रचंड खड्डा असेल याची कसलीही चाहूल लागत नाही.

आणि मग कडा येतो. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. तळातलं पाणीच 1.2 किलोमीटर रुंद, म्हणजे परळ स्टेशनपासून दादर स्टेशन जेवढं लांब, जवळजवळ तेवढं. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं बरेच जण त्याला ज्वालामुखीचं तोंड मानत राहिले. 1973 साली आघाताने काच झालेलं मॅस्केलिनाइट इथल्या दगडांत सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि हे उल्केचं काम हे पक्कं झालं. वयाचा अंदाज आधी 52 हजार वर्षांचा होता. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत तो 5 लाख 70 हजारांच्या आसपास निघाला.

गोमुखाची धार कड्यावरच आहे. लोक आंघोळी करत होते, बायका कळशा भरत होत्या. मी ओंजळभर पाणी प्यायले. गार, गोड. तिथेच एक कागद भिजवला. हळद पिवळीच राहिली.

खाली उतरताना सोबतीला गावातले एक काका होते. बाभळी, सीताफळं, पडझड झालेली हेमाडपंती देवळं, मोरांचे आवाज. काका वाटेत लवणासुराची गोष्ट सांगत होते, विष्णूने त्याला मारलं आणि त्याचं रक्त म्हणजे हे पाणी. मग म्हणाले, "पाण्यात काहीच नाही राह्यत ताई. ना मासा, ना बेडूक. मेलेलं पाणी हाय."

झाडी संपली आणि वास आला. माझ्या बरणीचं झाकण उघडल्यावर येतो तोच, पण शंभर पटींनी. पाणी गुलाबी नव्हतं. दाट हिरवं होतं, पालकाचं पाणी असावं तसं. क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग वाकून कागद बुडवला. पिवळा कागद डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तीच गोष्ट. या पाण्याचा सामू दहाच्या वर जातो. शुद्ध पाण्याचा सात असतो आणि दर पायरीला दहापट फरक पडतो, म्हणजे हे हजारपटींच्याही पुढे गेलं. बोटं चोळली तर साबणासारखी बुळबुळीत. इथून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. भोवतालच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं, सोडियम पाण्यात राहतं, ऊन पाणी उडवून नेतं, आणि मागे सोडा नि मीठ साठत जातं. काठावर पांढरी खपली होती. "आजा याला पापडी म्हने, भुस्की म्हने," काका सांगू लागले. "तवा लोक खार काढत."

मी त्यांना पाण्याचा हिरवा रंग दाखवला. "काका, हे मेलेलं नाही हो. हा रंग म्हणजेच जीव आहेत." ही मुख्यतः स्पिरुलिना, बाजारात गोळ्या करून विकतात तीच सूक्ष्म नीलहरित शेवाळाची जात. माशाला जाळणारं पाणी तिला मानवतं, आणि तिला खायला येणारे फार थोडे, म्हणून ती अशी माजते. ते ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ बघत राहिले.

गुलाबी कुठे गेलं, हे त्यांनीच विचारलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या वर्षीच्या पाण्यात हॅलोआर्किया ओळखले. दाट मिठात जगणारे हे सूक्ष्मजीव. पूर्वी त्यांना जिवाणूच समजत, 1977 साली कार्ल वूझने आर्कियांचं घराणं वेगळं केलं. 2020 मध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं राज्य आलं. त्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडांचा, कडक उन्हापासून राखणारा. आमच्या गल्लीत कुटल्या जाणाऱ्या मिरचीचा आणि शिवडीला येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पिसांचा रंगही त्याच कुळातला. प्रयोगशाळेत आणलेलं ते पाणी स्थिर ठेवलं तर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. मीठ फार उतरलं तर यांच्यातल्या अनेकांच्या पेशी फुटतात. म्हणून वरच्या वस्तीतून उतरणारं सांडपाणी मला जास्त भिववतं. माणसाला जे पाणी सौम्य, ते यांना मारक. कुठलंही तळं "स्वच्छ आणि गोड" करायला आपण धावतो. हे खारटच राहू द्यावं, असं मी काकांना कळकळीने सांगितलं. ते म्हणाले, "हे कोणी सांगतच नाही इथं."

कमळजादेवीच्या देवळाकडे जाताना माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. हिरव्या पाण्याखाली, वितभर खोल, अगदी माझ्या बरणीतला काळा थर. याच गाळातून मिथिलोफागा लोनारेन्सिस हा जिवाणू वेगळा काढला गेला आणि 2012 साली जगापुढे आला. मिथेनॉलसारखी एका कार्बनची रसायनं खाऊन तो जगतो. नावात लोणार घेऊन फिरणारी आणखीही एक जात आहे, सेसेम्बिया लोनारेन्सिस. काकांनी दोन्ही नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हटली. देवीपुढे मी हळदीचा एक कोरा, पिवळा कागद ठेवला.

पाय गोमुखाशी धुतला, चपलेच्या खाचांतला चिखल मात्र निघाला नाही. रात्री जालन्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना चप्पल दिव्याखाली उलटी करून पाहिली. सकाळचा तो डांबरासारखा काळा चिखल राखाडी, कडांना तपकिरी पडला होता. लोखंडाच्या सल्फाइडाला हवा लागली की असंच होतं. नाकाजवळ नेली. वास अजिबात उरला नव्हता.