तांबं गेलं कुठं?

मे २०२४. लोकसभेचं मतदान होऊन दोन-तीन आठवडे झाले होते, तरी माझ्या डाव्या तर्जनीच्या नखावरची शाई जागची हलली नव्हती. समोर दहावीत जाणारा मुलगा वहीत मान घालून बसलेला. म्हैसूरला लेकाकडे राहायला आल्यापासून आसपासची मुलं माझ्याकडे रसायनशास्त्र शिकायला येतात. हा विट्याकडच्या गलाईवाल्याचा मुलगा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पांगली, त्यातलंच हे कुटुंब.

सिल्व्हर नायट्रेटचं समीकरण आलं की तो पेन खाली ठेवायचा. “केमिस्ट्री आपल्याला जमणार नाही, मॅडम.” नोकरीच्या तीस वर्षांत हे मी कितीदा ऐकलं, आणि दर वेळी ‘सोपं आहे, नीट लक्ष दे’ एवढंच म्हणाले. त्याची आता खंत वाटते. सोपं नसतंच ते. ग्लासगोचे ॲलेक्स जॉन्स्टन यांनी फार नेमकं सांगितलं आहे : रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं. डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणू-आयन आणि कागदावरची चिन्हं. शिक्षक बोलता बोलता एकीवरून दुसरीवर जातो. मुलाच्या हाती नुसती चिन्हं उरतात. मग आपण त्यालाच आळशी ठरवतो.

त्या दिवशी मी त्याच्यापुढे बोट धरलं. ही शाई याच गावात होते. कृष्णराज वाडियार महाराजांनी १९३७मध्ये काढलेला लाखेचा आणि रंगांचा कारखाना, आजचा मैसूर पेंट्स, १९६२च्या निवडणुकीपासून ती देशाला पुरवतो. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. घामातल्या मिठाशी त्याची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइड होतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात काळं पडतं. त्यानं बोट निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, “पप्पा चांदी ॲसिडमध्ये विरघळवतात, ते हेच का?”

संध्याकाळी आम्ही अशोका रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दुकानी गेलो. ॲसिडच्या त्या तपकिरी धुरात ही माणसं जन्म काढतात, फुफ्फुसं झिजवतात. धड्यात त्याबद्दलही दोन ओळी हव्या होत्या. वडिलांनी चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली. पट्टीवर करडी चांदी धरू लागली, पाणी निळसर होत गेलं. पोरानं हे लहानपणापासून पाहिलेलं. पण आज विचारलं, “मग तांबं गेलं कुठं?”

“पाण्यात. म्हणून तर निळं होतंय,” वडील मान वर न करता म्हणाले.

त्यानं वही उघडली, समीकरण लिहिलं आणि चांदीमागच्या २पाशी अडला. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, चांदीचा आयन एकच घेतो, असं मी सांगू लागले. त्याची नजर पुन्हा विझायला लागली. मी थांबले. वडिलांना विचारलं, “किलोभर चांदी बसवायला तांबं किती लागतं?”

“तीनशे ग्रॅमच्या आसपास धरायचं, बाई.”

पोरानं अणुवस्तुमानं घेतली. तांबं ६३.५, चांदी १०८. एकास एक धरून केलं तर उत्तर ५८८ आलं. त्यानं ते खोडलं, चांदी दुप्पट धरली. २९४. त्यानं वडिलांकडे पाहिलं, वहीतल्या २भोवती गोल केला आणि काट्यावर ठेवायला तांब्याची दुसरी पट्टी उचलली.