विचारायची लाज कशाला?

कृषी खात्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. पिकावर रोग दिसला तर लपवू नका, लगेच दाखवा, असे गावोगाव सांगत आले. स्वतःचे दुखणे मात्र मी लपवले.

शौचातून रक्त पडत होते. मूळव्याध असेल म्हणून सहा महिने काढले आणि निघाला गुदाशयाचा कर्करोग. आधी किरणांचे शेक झाले, मग शस्त्रक्रिया. पोटावर शौचाची पिशवी कायमची आली.

जीव वाचला. चार महिन्यांनी कामावरही रुजू झाले. पण रात्री ह्यांच्याकडे पाठ करून झोपू लागले. पिशवीची लाज, वासाची धास्ती. एकदा जवळ आलो तर इतके दुखले की मला रडू फुटले. त्यानंतर हे लांबच राहू लागले. मला वाटले, ह्यांना माझी किळस येते. वर्षभर दोघांनीही त्यावर शब्द काढला नाही.

पुढे एका तपासणीच्या वेळी सिस्टरनेच हळूच विचारले, "ताई, नवराबायकोचे कसे चालले आहे?" मी मान खाली घातली. मग तिने समजावून सांगितले. शेकांमुळे योनिमार्ग कोरडा व अरुंद होतो, पाळी चालू असेल तर बंद पडू शकते. शस्त्रक्रियेत जवळच्या नसांना धक्का लागला तर संवेदना कमी होते. त्यात बाईचा काही दोष नसतो, आणि त्यावर उपायही असतात. पाण्यात विरघळणारे वंगण औषधांच्या दुकानात मिळते. मार्ग आखडू नये म्हणून डायलेटर नावाचे साधन डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. पिशवी आधी रिकामी करावी, वर सुती पट्टा बांधावा, पोटावर भार येऊ देऊ नये. जखम भरून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत थांबावे. रक्त गेले किंवा दुखणे राहिले तर दाखवावे. आणि जवळ आल्याने कर्करोग नवऱ्याला लागत नाही.

त्या रात्री ओसरीवर बसून मी ह्यांना सारे सांगितले. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या हातून तुला इजा होईल, ह्याच भीतीने मी लांब राहिलो."

सगळे पूर्वीसारखे झाले, असे म्हणणार नाही. काही रात्री नुसता हातात हात असतो. पण पाठ करून मी झोपत नाही.

भगिनींनो, डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण विचारावे. पुरुष डॉक्टरांसमोर संकोच वाटला तर सिस्टरला गाठावे. आणि घरधन्यांनो, त्या दिवशी तुम्हीही बरोबर जा.