एकास सत्त्याऐंशी

किनवटहून पुण्याला चर्चासत्रासाठी जायचे तर एक दिवस आधी पोहोचावे लागते. अंतराचा हिशेबच तसा आहे. त्यामुळे आम्हां दोघांच्या वाट्याला अधूनमधून एक विचित्र मोकळा दिवस येतो. निबंध पिशवीत असतो, आयोजकांना आपण आल्याची वार्ता नसते आणि मुक्कामाची जागा अनोळखी असते. या खेपेचा निबंध ग्रामीण साहित्याला लावल्या जाणाऱ्या निकषांविषयी होता. तो पुन्हा वाचून काढावा असे ठरवून आम्ही स्टेशनजवळच्या एका जुन्या लॉजवर उतरलो, आणि अर्थातच तो वाचला नाही.

लॉजच्या नोंदवहीत ‘कोठून आलात’ आणि ‘कोठे जाणार’ असे दोन रकाने असतात. व्यवस्थापकांनी पहिल्यात ‘किनवट, जि. यवतमाळ’ असे परस्पर लिहून टाकले. आम्ही ‘नांदेड’ सांगितले. त्यांनी खाडाखोड न करता वर बारीक अक्षरांत तेही लिहिले, म्हणजे एकाच वेळी आम्ही दोन जिल्ह्यांतून आलो. खोली तयार व्हायला अवकाश होता. सामान खाली ठेवून आम्ही इमारत पाहत हिंडलो. अनोळखी इमारतीत काम नसताना हिंडणे हा एक दुर्लक्षित वाचनप्रकार आहे, असे आमचे मत आहे. दुसऱ्या मजल्यावर कुलूपबंद भोजनगृह होते, काचेतून एकावर एक रचलेल्या खुर्च्या दिसत होत्या. जिन्याच्या वळणावर वाफेच्या इंजिनाचे एक चौकटबंद छायाचित्र होते. त्याखाली ना गाव ना साल. शेवटी गच्ची. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारल्या तर समोर रेल्वेचे यार्ड पसरलेले. १९२५ साली उघडलेल्या पुणे स्टेशनच्या इमारतीचा थोडा भाग झाडांतून दिसत होता. गाड्या इतक्या उंचीवरून खेळण्यातल्या वाटतात, हे सगळेच म्हणतात. आम्हांला मात्र जाणवले ते वेगळे : वरून पाहणाऱ्याला रुळांची रुंदी कळत नाही. ब्रॉड गेज काय, मीटर गेज काय, सगळ्या सारख्याच रेघा.

ही गोष्ट आम्हांला लागण्याचे कारण घरचे आहे. आमच्यापैकी एकाचे वडील मुदखेड–आदिलाबाद मार्गावर कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन ठरलेला टप्पा रोज पायी तपासायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, हे त्यांचे काम. तो मार्ग तेव्हा मीटर गेज होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तो ब्रॉड गेज झाला. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट, अंबाडी ही नावे तीच राहिली, पण ज्या रुळांवरून ते चालले ते रूळ उखडले गेले. आता त्यांना बाहेर पडणे जमत नाही. पुण्यात छोट्या गाड्यांचे संग्रहालय आहे हे त्यांनी कुठूनसे ऐकले होते आणि ‘आपली लहान लाइन तिथे असली तर बघून या’ असे निघताना सांगितले होते.

संग्रहालय कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर आहे. आयुष्याचा मोठा काळ धारवाडला काढून अखेरीस पुण्यात आलेल्या, १९८७ साली निवर्तलेल्या त्या कथाकाराच्या नावाच्या रस्त्यावर लहान गाड्यांचे एक स्वयंपूर्ण गाव वसावे, याचे मराठीच्या माणसाला कौतुक वाटणारच. असो. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी छंद म्हणून जमवलेला आणि घडवलेला हा पसारा १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुला झाला. वाफेची गाडी, डोंगरावर दोराने ओढली जाणारी गाडी, सर्कशीचा तंबू, सिग्नल, उड्डाणपूल, सगळे आपापल्या क्रमाने हलते. आमच्या शेजारी एका शाळेची मुले होती. ती जिला बोट दाखवत ती गाडी तोवर बोगद्यात गेलेली असे. आम्हीही त्यांच्याइतकेच वाकून पाहत होतो, हे लिहायला हरकत नाही.

आता थोडे गणित. जगभर या छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण ‘एचओ’ म्हणजे एकास सत्त्याऐंशी. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. त्याला सत्त्याऐंशीने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतला प्रमाण मार्ग. आपला ब्रॉड गेज मात्र १६७६ मिलिमीटरचा. तो या प्रमाणात खरा उतरवायचा तर रूळ १९.३ मिलिमीटरचे हवेत. तसे तयार मिळत नाहीत. म्हणून भारतीय गाडीचे मॉडेल करणारे बहुतेक जण डबा आपला ठेवतात आणि तो परक्या रुळांवर चालवतात. गंमत पुढेच आहे. मीटर गेजला लागतात साडेअकरा मिलिमीटर, आणि बाजारात बाराचे रूळ मिळतात, कारण स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी मीटर गेजची मॉडेल त्यांवर धावतात. म्हणजे उद्या कोणी मेहनतीने सागाची झाडे आणि सहस्रकुंडचे स्टेशन उभे केले, तर रूळ जवळजवळ बिनचूक मिळतील, पण त्यांवर तयार मिळणारे डबे आल्प्समधले असतील.

पिशवीतल्या निबंधाशी याचा संबंध आम्ही मुद्दाम जोडत नाही. वाचकांना तो दिसलाच असेल. मात्र परका निकष आणि आपला ऐवज असे सरळ द्वंद्व मांडणे आम्हांला त्या दिवसानंतर जड जाऊ लागले. त्याला कारण बार्शी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, १९११ साली लातूरला पोहोचली, आणि १९५४ साली सरकारच्या ताब्यात आली. रुळांची रुंदी अडीच फूट. हलक्या रुळांवर मोठे डबे नेण्याची जी रीत त्याने इथे सिद्ध केली, तीच घेऊन तो मायदेशी गेला आणि १९०४ साली तिथे लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच रुंदीची रेल्वे उघडली गेली. म्हणजे मूळ बार्शीचे आणि प्रत इंग्लंडातली. ती प्रत १९३४ सालीच बंद पडली. पण तिथल्या हौशी लोकांनी तिच्या इंजिनांची मॉडेल आजवर जिवंत ठेवली आहेत. बार्शी–लातूरचा अरुंद मार्गही आता ब्रॉड गेज झाला. त्याची पिल्ले आपल्याकडे किती घरांच्या टेबलांवर धावतात? लातूरच्या बाजूला ज्यांचे बालपण त्या गाडीत गेले त्यांनी तिच्यावर लिहिले, बोलले, पण तिचे माप कोणी जपले नाही. स्मरणरंजन आपल्याला जमते. मोजमापाचा कंटाळा येतो. साहित्याच्या अभ्यासातही बोलीचे कौतुक करणारे पुष्कळ आणि तिचा शब्दकोश करायला बसणारे थोडे, तसेच हे.

मॉडेलकारांची एक लबाडी आम्हांला फार आवडली. मुदखेड ते आदिलाबाद सुमारे १६० किलोमीटर. एकास सत्त्याऐंशीने तेही पावणेदोन किलोमीटरहून जास्त भरतात. कोणाच्याही दिवाणखान्यात ते मावायचे नाहीत. म्हणून स्टेशन पुरते ठेवतात आणि मधले अंतर गाळतात. कथाकारही हेच करतो. फक्त इथे जे गाळले जाते तेच कीमनचे सगळे आयुष्य असते. तो स्टेशनात कमी आणि दोन स्टेशनांच्या मध्ये जास्त असतो. प्रायझर ही जर्मन कंपनी या प्रमाणातली माणसे विकते. त्यांत रुळांवर काम करणारेही मिळतात, उंची जेमतेम दोन सेंटिमीटर.

रात्री लॉजवरून किनवटला फोन केला. मीटर गेज पाहून आलो असे त्यांना सांगता येईना. जे पाहिले ते सांगितले, दोन सेंटिमीटरच्या माणसाचेही सांगितले. तो भाग त्यांनी कानामागे टाकला. रूळ एकूण किती लांब, एवढेच त्यांना हवे होते. आम्ही अंदाजाने एक आकडा सांगितला. मग तेवढे तपासायला माणसाला किती वेळ लागेल, असे त्यांनी विचारले.