मोहर्लीची सहल आणि सहावा वांटा

चंद्रपुराहून मोहर्लीस जातांना पद्मापूरचा नाका मागें पडला कीं रस्त्याचें रूपच पालटतें. खाणींकडची काळी धूळ हळूहळू विरते, आगरझरी येते, आणि झाडांच्या फटींतून इरई धरणाचें विस्तीर्ण पाणी चकाकूं लागतें. शहराची तहान भागविणारें व तेथील औष्णिक वीजकेंद्रास पुरणारें तें हेंच पाणी. त्याच्या कांठाकांठानें आपण मोहर्लीस पोंचतों. ताडोबाच्या अरण्याचें हें एक प्रमुख दार. गोंडांच्या तारू या देवावरून ताडोबा हें नांव पडलें, असें सांगतात. १९५५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें. आजच्या महाराष्ट्रांतील तें सर्वांत जुनें. पुढें १९८६ सालीं अंधारी अभयारण्य झालें, आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वांत आला.

गेल्या हिंवाळ्यांत एका रविवारीं आम्ही सहा जणें तेथें गेलों होतों. चार मुलें, त्यांना सांभाळणाऱ्या पाळणाघराच्या मावशी आणि मी. चारांपैकीं दोन माझीं नातवंडें. उरलेलीं दोन शेजारच्या दोन घरांतलीं. आमचें घर एकत्र असून त्यांत माणसें नऊ आहेत. मग पाळणाघर कशाला, असें कोणी विचारील. परंतु दोन्ही सुना नोकरीवर जातात, यजमानांचे गुडघे त्यांना चालूं देत नाहींत, आणि माझेंहि वय आतां मुलांमागें धांवण्याचें राहिलें नाहीं. तेव्हां शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलें मावशींकडे असतात. "मावशी कांहीं परक्या नव्हेत, घरच्याच आहेत," असें आमच्याकडे नेहमीं म्हटलें जातें. या वाक्यांत किती माया आहे आणि किती सोय, हें मला मोहर्लीस कळलें.

अरण्यांत फिरावयास जिप्सी घ्यावी लागते. तींत सहा प्रवासी बसतात. एक बसला तरी भाडें तेंच. दुपारच्या फेरीस अवकाश होता, म्हणून फाटकाजवळ झाडाखालीं बसून मीं हिशेब मांडला. माणसें सहा, म्हणून वांटेहि सहा. माझे तीन, शेजाऱ्यांचा एकेक, आणि एक मावशींचा. मावशींनीं कांहींएक न बोलतां पिशवींतून लहानसा बटवा काढला, नोटा दोनदां मोजल्या आणि माझ्या हातांत ठेविल्या. मनांत क्षणभर कांहींतरी खटकलें; परंतु "बाई मानी आहेत, नको म्हटलें तर दुखावतील," अशी मीं स्वतःची समजूत घातली आणि पैसे घेतले.

आमच्या गाडीवर गाईड म्हणून गांवांतलीच एक तरुण स्त्री आली. तिनें मुलांना मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन दाखविला. चांदण्यांत पांढरें फटफटीत दिसणारें, म्हणून भुताचें झाड म्हणविलें जाणारें कुल्लूचें झाड दाखविलें. रस्त्याच्या कडेस गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. त्यांतून दोर ओंवून घंटेच्या नादानें निरोप धाडीत, अशी कथा तिनें सांगितली, तेव्हां थोरल्या नातवानें खांब मोजावयास सुरुवात केली.

मीं तिला विचारलें, "तुमचीं मुलें या वेळीं कोठें असतात?"

ती म्हणाली, "सासूबाई पाहतात. म्हणून तर मी गाडीवर येऊं शकतें. पैसे हातीं आले कीं आधीं त्यांच्यापुढें ठेवतें. त्या घेत नाहींत. पण ठेवल्यावांचून मला बरं वाटत नाहीं."

पुढें एका वळणावर गाडी थांबली. वानरांनीं खँकर केला, आणि बांबूच्या बेटांतून एक वाघीण संथपणें रस्त्यावर आली. आम्ही सारीं श्वास रोधून पाहत राहिलों. सर्वांत धाकटी मुलगी मात्र घाबरली आणि तिनें मावशींच्या कुशींत तोंड खुपसलें. मावशींनीं वाघिणीकडे पाठ करून तिला पोटाशीं धरलें. एका हातानें तिच्या पाठीवरून फिरविलें आणि दुसऱ्या हातानें, बाकावर उभा राहूं पाहणाऱ्या माझ्या नातवाचा सदरा घट्ट पकडून ठेविला. वाघीण पलीकडच्या झाडींत दिसेनाशी झाली तेव्हां कोठें त्यांनीं मान वळविली. "गेली का?" त्यांनीं हळूच विचारलें.

त्या फेरीचा सहावा वांटा ज्यांनीं भरला होता, त्यांनीं वाघ पाहिलाच नव्हता. आम्ही सहलीस आलों होतों. त्या कामावर आल्या होत्या, आणि तेंहि रविवारीं, आपल्या सुटीच्या दिवशीं.

परततांना माझ्या हातांत पावती होती. प्रवेशाचें शुल्क, जिप्सीचें भाडें आणि गाईडचा मेहनताना अशा तीन रकमा तींत वेगवेगळ्या मांडल्या होत्या. जी स्त्री आम्हांला चार तास जंगल दाखविते, तिचे श्रम कागदावर आहेत. जी वर्षानुवर्षें आमचीं मुलें सांभाळते, तिचे श्रम मात्र हिशेबांत उलट्या बाजूस, देण्याच्या खात्यांत! मीं मावशींचे पैसे परत करूं लागलें. त्या घेईनात. "काकू, मीहि जंगल पाहिलंच कीं!" त्या म्हणाल्या. तेव्हां मीं म्हटलें, "मावशी, तुम्हीं फक्त मुलें पाहिलींत." त्या हंसल्या; पण पैसे त्यांनीं घेतले.

घरीं आल्यावर तिन्ही घरच्या वडीलमंडळींची बैठक झाली. मावशींनाहि बोलाविलें होतें. प्रथम त्या गप्प होत्या. मग बोलतां बोलतां कळलें कीं, यापूर्वींच्या लहानसहान सहलींत रिक्षा, आईसक्रीम, बागेचें तिकीट असे कितीतरी पैसे त्यांच्याच बटव्यांतून गेले होते. "एवढ्या तेवढ्यासाठीं काय मागायचं?" असें त्यांना वाटे, आणि आम्हांला विचारण्याचें सुचलेंच नव्हतें.

ठरलें तें असें. सहलीचे वांटे मुलांच्या संख्येवर पाडावयाचे, माणसांच्या नव्हे. मावशींचें तिकीट, जेवण व प्रवास त्या वांट्यांतच धरावयाचा; सुटीच्या दिवसाचा मेहनताना निराळा द्यावयाचा. मावशींनींहि सहल परस्पर ठरवूं नये. अंदाजी खर्च आधीं सांगावा आणि प्रत्येक घरास "या वेळीं नको" असें मोकळेपणीं म्हणतां यावें. कारण एका शेजारणीनें त्या बैठकींतच कबूल केलें कीं, मोहर्लीचा वांटा तिला जड गेला होता. मुलगा मागें राहील या भयानें ती बोलली नव्हती. म्हणून पुढची सहल इरईच्या कांठीं, घरच्या दशम्या बांधून न्यावयाची, असें एकमतानें ठरलें.

पैशांची गोष्ट काढली कीं माया उणावते, अशी आपल्या घरांत एक समजूत आहे. माझा अनुभव उलट आहे. हिशेब न बोललेला राहिला, तर तो मायेच्या माणसाच्याच पदरीं पडतो, आणि तें माणूस मायेपोटींच गप्प बसतें. "घरच्याच" म्हणून ज्यांचा आपण गौरव करतों, त्यांना घरच्यांचे हक्क देतों कीं नुसतीं घरच्यांचीं कामें, हें एकदां प्रत्येक घरानें आपल्या मनाशीं पाहावें.

चैत्रांत आम्ही पुनः मोहर्लीस जाणार आहों. मोह फुलूं लागलेला असेल. या वेळीं धाकटीला मांडीवर मी घेणार आहें. मावशींना पुढच्या बाकावर बसवावयाचें ठरलें आहे.