सोफ्याला तेल पाजू नका!

परभणीचा उन्हाळा म्हणजे पारा ४२च्या पुढे. त्यात आमच्या घरचा लेदर सोफा पापडासारखा कडक होतो. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून हौसेनं घेतलेला. ते गेल्यापासून आईचा जीव त्यातच. ‘कोल्हापुरीला तेल पाजतात, मग याला का नको?’ हा तिचा सवाल. बॉस, कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं. ते तेल पितं. सोफ्याच्या लेदरवर बहुतेकदा रंगाचा थर असतो. तेल वरच राहतं, धूळ धरतं. त्यापेक्षा सोफा खिडकीतल्या उन्हापासून लांब सरकवा, मऊ कोरड्या फडक्यानं पुसत राहा. लेदर कंडिशनर उन्हाळ्याआधी एकदा, दिवाळीत एकदा. आधी मागच्या बाजूला लावून बघा. आई आता तेच लावते. बाबा बसायचे त्या कोपऱ्याला जरा जास्तच.